बोर्डो ते ऱ्होन: फ्रेंच रेड ब्लेंड चाखायची कशी, ताटाशी जोडायची कशी

तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ हा शब्द वाइनच्या बाटलीवरून नाही, फवारणीच्या टाकीवरून माहीत असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, की झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. ढगाळ हवा पडली, केवड्याची, म्हणजे पानांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगाची, भीती वाटू लागली की आमच्या घरात पहिलं नाव याचंच निघायचं. ते एका फ्रेंच शहराचं नाव आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. १८८० च्या दशकात त्या शहराच्या उत्तरेला, मेदोक भागात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नयेत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. रस्त्याकडेच्या नेमक्या त्याच ओळींची पानं केवड्याने गळत नाहीत, हे बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या नजरेस आलं. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला, आणि फिरत फिरत तो आमच्या टाकीपर्यंत आला.

पुढे शिक्षणासाठी दोन वर्षं मी त्याच शहरात राहिले आणि द्राक्षाची दुसरी बाजू पाहिली. आमच्याकडे थॉम्पसनचा मणी म्हणजे पातळ सालीचा, बिनबियांचा, कुरकुरीत. तिथला मणी वाटाण्यापेक्षा जरासा मोठा, साल जाड, आत बिया, आणि गोड असला तरी चावल्यावर जीभ आवळून घेणारा. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः त्या सालीतून येतो. गर जवळजवळ बिनरंगीच असतो.

फ्रेंच रेड वाइनच्या मांडणीसमोर उभं राहून ‘यातली कुठली घ्यावी, आणि कशाबरोबर?’ असं ज्यांना होतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या पायरीला तर वाइन लागतही नाही.

पायरी पहिली: एक कप कोरा चहा

कपभर पाण्यात दोन चमचे चहापत्ती टाका, पाच मिनिटं उकळू द्या, गाळा. साखर नाही, दूध नाही. कोमट झाला की एक घोट तोंडात घोळवा आणि थांबा. गालांच्या आतून, हिरड्यांवर, जिभेच्या शेंड्यावर खरखरीत ओढ बसेल. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला आणि पुन्हा घोट घ्या. खरखर बरीच उतरलेली असेल.

चहातली तुरट द्रव्यं एरवी लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, त्यामुळे तोंड कोरडं आणि खरबरीत वाटतं. दूध घातलं की त्यांना चिकटायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि लाळ मोकळी राहते. रेड वाइनमधली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिन, याच जातीची. रेड वाइनबरोबर मटण, रेड वाइनबरोबर मुरलेलं चीज या जोड्या जगभर का टिकून आहेत, त्याचं बरंचसं उत्तर या दोन चमचे दुधात आहे.

इथे मराठी माणसाची मोठी सोय होते. आपल्या सहा रसांत तुरट हा रस स्वतंत्र मोजलेला आहे. जांभूळ, आवळा, कच्चं केळं, सुपारी यांची नावं घेतली तरी पुरे. गल्लत होते ती ‘ड्राय’ या शब्दाने. वाइनच्या बोलीत ड्राय म्हणजे साखर जवळपास न उरलेली, एवढंच. तुरटपणा ही वेगळी गोष्ट. या लेखातल्या सगळ्या रेड वाइन ड्राय आहेत, तुरट मात्र कमी-जास्त आहेत.

तुरटपणाशिवाय आणखी तीन गोष्टी घोटागणिक पाहायच्या. आंबटपणा: गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ किती सुटते. वजन: पाण्यासारखी पातळ वाटते की म्हशीच्या दुधासारखी भरीव. आणि ऊब: घशाखाली उतरताना अल्कोहोलची धग किती लागते. या चार गोष्टी सांगता आल्या की जेवणाशी जोडी जमवण्याचं निम्मं काम झालं. वासांची लांबलचक यादी पाठ असण्याची गरज नाही.

पायरी दुसरी: ब्लेंड कशासाठी करतात

बर्गंडीत लाल वाइन म्हणजे पिनो न्वार, बोजोलेत गामे. तिथे एकाच जातीवर सगळं चालतं. बोर्डो आणि दक्षिण फ्रान्समध्ये मात्र दोन, तीन, कधी त्याहून जास्त जाती एकत्र करतात. ‘एकटं द्राक्ष कमी पडलं म्हणून भेसळ’ असा समज काहींचा असतो, तो मनातून काढून टाका.

मूळ कारण शेतकऱ्याला लगेच पटेल असं आहे. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी घालतात, एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. बोर्डो समुद्राजवळ आहे, हवा लहरी. तिथली मर्लो ही जात लवकर फुटते, लवकर पिकते; वसंतातल्या दहिवराने तिचे कोंब जळतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ उशिरा पिकते. शरदात पाऊस लागला तर ती कच्ची राहते किंवा सडते. दोन्ही लावल्या तर कुठलं तरी एक वर्षाला तारतं. तरी कधी कधी सगळ्यांवरच घाला पडतो. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या गोठणाऱ्या थंडीत बोर्डोतल्या वेली मुळापासून गेल्या, आणि माल्बेक ही जात तिथे पुन्हा पूर्वीसारखी कधी लागलीच नाही. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्येही दहिवराने मोठं नुकसान झालं.

दुसरं कारण चवीचं. चांगल्या घरचा गोडा मसाला आठवा. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग वेगवेगळं भाजायचं, प्रत्येकाची आच वेगळी, मगच एकत्र कुटायचं. बोर्डोतही प्रत्येक जातीची, बहुतेकदा प्रत्येक तुकड्यातली द्राक्षं वेगळी आंबवतात. हिवाळ्यात सगळे नमुने टेबलावर मांडून, चाखून, मोजून प्रमाण ठरवतात. या कामाला फ्रेंचमध्ये ‘आसाम्ब्लाज’ म्हणतात. कॅबर्ने ताठ कणा आणि तुरटपणा देते, मर्लो मऊ भरीवपणा देते, कॅबर्ने फ्राँ सुगंध देते. पती व्हर्दो चमचाभरच घालतात, तीही रंगासाठी आणि धारेसाठी, आपण मसाल्यात मिरी घालतो तशी.

पायरी तिसरी: लेबलावर गाव वाचा, द्राक्ष नाही

फ्रेंच बाटलीवर बहुधा गावाचं किंवा भागाचं नाव असतं. द्राक्षाचं शोधूनही सापडत नाही. कुठल्या भागात कुठल्या जाती चालतील हे तिथल्या नियमांनीच ठरलेलं असतं, त्यामुळे गाव म्हटलं की जात आलीच असं ते धरून चालतात. आपणही ‘सोलापुरी चादर’ म्हटल्यावर सूत कुठलं हे विचारत नाही.

म्हणून सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवा. मेदोक, ओ-मेदोक, पोयाक, मार्गो ही नावं दिसली तर कॅबर्ने पुढे. सँतेमिलियाँ, पोमेरोल दिसलं तर मर्लो पुढे. नुसतं ‘बोर्डो’ किंवा ‘बोर्डो सुपेरियर’ असेल तरी बहुतेक वेळा मर्लोच जास्त, कारण त्या प्रदेशात सर्वांत जास्त लागवड तिचीच आहे. कोत द्यु ऱ्होन, जिगोंदास, शातोनफ द्यु पाप म्हणजे दक्षिणेकडच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली वाइन: ग्रनाश ही जात पुढे, मागे सिरा आणि मुर्व्हेद्र. ‘मी झाँ बुतेय ओ शातो’ अशी ओळ असेल तर वाइन त्याच मळ्यावर बाटलीत भरली आहे.

१८५५ च्या प्रसिद्ध यादीबद्दल कुणी ना कुणी सांगेलच. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुख्यतः मेदोकमधल्या मळ्यांची प्रतवारी केली, ती जवळपास तशीच चालत आली आहे. त्यात ठळक बदल एकच: १९७३ मध्ये मुताँ रोथशिल्डला दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत घेतलं. हा इतिहास वाचायला गोड आहे, पण त्या बाटल्यांवर नवख्याने पैसे घालू नयेत. त्या अनेकदा दहा-पंधरा वर्षं मुरायच्या असतात. लवकर उघडली तर हाती नुसता तुरटपणा येतो. साध्या मळ्याची, चार-पाच वर्षांची बाटली घ्या.

पायरी चौथी: बोर्डोचे दोन काठ

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद ही रुंद खाडी होते आणि अटलांटिकला मिळते. समुद्राकडे तोंड केलं की डावीकडे मेदोक, उजवीकडे सँतेमिलियाँ आणि पोमेरोल. वाइनवाले नुसतं ‘डावा काठ’, ‘उजवा काठ’ म्हणतात.

डाव्या काठाची जमीन गोट्यांची, मुरमाड. पाणी पटकन निचरतं, दगड उन्हाने तापतात, उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ती ऊब मिळते. उजव्या काठावर चिकणमाती आणि चुनखडी. ती माती गार, ओल धरणारी, लवकर पिकणाऱ्या मर्लोला मानवणारी. बागेत राबलेल्याला यात नवं काही नाही. जमीन बघून जात लावावी, हे आमच्याकडे आजोबाच सांगायचे.

डाव्या काठाची वाइन ग्लासात घेतली की काळपट जांभळा रंग दिसतो. वास काळ्या फळांचा. तिथले लोक कासिस म्हणतात, ते फळ आपल्याकडे होत नाही. माझ्या नाकाला पिकलेलं करवंद आणि जांभळाची साल सगळ्यांत जवळची वाटते. त्यामागून पेन्सिलला टोक केल्यावर येतो तो लाकडाचा वास आणि कोरड्या तंबाखूचा. द्राक्ष नीट पिकलं नसेल तर ढोबळी मिरची चिरल्यासारखा हिरवा वास येतो, आणि तो नाकाचा भास नाही: ढोबळी मिरचीत असतं त्याच गटातलं द्रव्य कॅबर्नेत असतं, आणि ऊन मिळेल तसं ते कमी होतं. घोट घेतला की तुरटपणा हिरड्यांवर बसतो आणि बराच वेळ उठत नाही.

उजव्या काठाची वाइन सुरुवातीपासून मऊ. आलुबुखार, काळी चेरी, कधी कडू चॉकलेटची छटा. तुरटपणा असतो, पण बारीक, मखमलीच्या उलट्या बाजूसारखा. नवख्याने आधी उजवा काठ चाखावा, मग डावा, असं माझं ठाम मत आहे. उलट केलंत तर पहिल्याच घोटाला ‘ही कडू आहे’ म्हणून बाटली बाजूला पडते.

दोन्हीकडे ओकच्या पिंपात वाइन मुरवायची पद्धत आहे. पारंपरिक बोर्डो पिंप २२५ लिटरचं. त्या लाकडातून व्हॅनिला येतो आणि लवंगही. युजेनॉल हे लवंगेचं मुख्य सुगंधी द्रव्य भाजलेल्या ओकच्या लाकडातूनही वाइनमध्ये उतरतं.

खाण्याबाबत बोर्डोने मला एक संध्याकाळ दिली, ती सांगते. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा काड्यांचा ढीग पडतो. बोर्डोत छाटणी एकदाच, हिवाळ्यात. माझ्या घरमालकीणबाईंनी त्या काड्यांच्या जुड्या बांधून पडवीत वाळवल्या होत्या. वसंतातल्या एका रविवारी त्यांनी अंगणात जुडी पेटवली. काड्या भराभर जळतात, पाच-सात मिनिटांत लालबुंद निखारा पडतो. त्यावर जाळी, जाळीवर बैलाच्या बरगडीचा जाड तुकडा. वरून बारीक चिरलेला शॅलट, म्हणजे आपल्या सांबाराच्या छोट्या कांद्याचा भाऊ, आणि भरड मीठ. त्यांच्या भाषेत ही आँत्रकोत. हॉटेलात तिच्यावर रेड वाइन आणि नळीतल्या मगजाचा रस्सा घालतात; अंगणात त्याची गरज नव्हती. मी मांस खाणारी असले तरी बैलाचं खात नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी त्याच निखाऱ्यावर कोकराच्या चापा भाजल्या. बाहेरून करपलेली कड, आतून गुलाबी, चरबी थेंब थेंब गळत होती. आधी नुसती मेदोक प्यायले तर हिरड्या आवळल्या. मग चापेचा घास आणि लगेच घोट. तुरटपणा जणू चरबीवर घसरून गेला आणि करवंदाची चव पुढे आली. घरातला कोरा चहा आणि दोन चमचे दूध मला त्या क्षणी आठवले.

पोयाक गावाचं दुधावर वाढवलेलं कोकरू प्रसिद्ध आहे, आणि पोयाकचीच वाइन त्याबरोबर घेतात. मर्लोच्या बाजूला बदक, भाजलेली कोंबडी आणि शरदात जंगलात उगवणारी सेप नावाची अळंबी लसूण-पार्सलीत परतून. मातीचा वास असलेली अळंबी आणि सात-आठ वर्षांची सँतेमिलियाँ ही जोडी शाकाहाऱ्यांनी जरूर करून पाहावी.

पायरी पाचवी: दक्षिण ऱ्होन, उन्हातली वाइन

बोर्डोहून आग्नेयेला गेलं की आव्हिन्याँभोवती वेगळाच मुलूख लागतो. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून इथे येऊन राहिले. जवळच्या टेकडीवर त्यांनी उन्हाळ्यासाठी वाडा बांधला, त्यावरून गावाचं नाव पडलं शातोनफ द्यु पाप, पोपचा नवा वाडा. जमिनीवर वाटोळे गोटे पसरलेले. दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. वरून मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा वारा बुरशी टिकू देत नाही. बोर्डो मिश्रणाची गरज इथे कमी, असं तिथला एक बागायतदार मला अभिमानाने म्हणाला होता.

फ्रेंच वाइनच्या नियमांची सुरुवात बऱ्याच अंशी याच गावातून झाली. बनावट मालाला कंटाळलेल्या उत्पादकांनी बॅरन प्येर ल र्‍वा यांच्या पुढाकाराने १९२० च्या दशकात सीमा, जाती, किमान अल्कोहोल असे नियम ठरवले, आणि १९३६ मध्ये त्यांना देशपातळीवर मान्यता मिळाली. इथे १३ जाती चालतात (रंगाचे प्रकार वेगळे मोजले तर १८), त्यात पांढऱ्याही आहेत. प्रत्यक्षात कामाच्या तीन.

ग्रनाश: पातळ सालीचं, भरपूर साखर धरणारं द्राक्ष. वाइनला अल्कोहोल १४ ते १५ टक्के सहज येतं, तुरटपणा कमी, वास शिजवलेल्या स्ट्रॉबेरीचा, रासबेरीचा. सिरा: गडद रंग, ऑलिव्ह, धूर आणि काळी मिरी. मिरीबद्दल इथे थांबायला हवं, कारण हे सगळ्यांत सोपं ओळखचिन्ह आहे. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीदाण्यात असतं तेच सिराच्या सालीत असतं. दोन मिरीदाणे खलात कुटा, हुंगा, मग लगेच ग्लास हुंगा. एकदा सापडलं की पुन्हा विसरणार नाही. मुर्व्हेद्र: उशिरा पिकणारं, तुरट, चामडं आणि ओल्या मातीच्या वासाचं. प्रोव्हान्समध्ये बाँदोल इथल्या लाल वाइनमध्ये ते निम्म्याहून कमी चालत नाही आणि वाइन किमान १८ महिने लाकडात ठेवावी लागते.

पहिली बाटली म्हणून साधी कोत द्यु ऱ्होन उत्तम. किंमत आवाक्यात, चव मोकळी, फार वर्षं थांबायची गरज नाही. त्यानंतर जिगोंदास. शातोनफ सणासुदीला.

या भागात मांस लोण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात जास्त शिजतं, आणि त्यात लसूण, रोझमेरी, थाइम. दोब हा पदार्थ मला मनापासून आवडतो: मांसाचे मोठे तुकडे रेड वाइनमध्ये रात्रभर मुरवायचे, संत्र्याची साल, तमालपत्र, गाजर घालून मंद आचेवर तीन-चार तास ठेवायचे. ज्या वाइनमध्ये शिजवलं तीच ग्लासात ओतायची. शाकाहारात रातातुय आहे, म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी तेलात मंद शिजवून. त्यातल्या वांग्याला सिराचा धूर फार शोभतो.

पश्चिमेला लांगदॉकमध्ये कोर्बियेर, मिनर्व्ह्वा ही नावं शोधा. कारिन्याँ ही जुनी जात सिरा-ग्रनाशमध्ये मिसळतात; आंबटपणा चढा, रानटी वनस्पतींचा वास, किमतीला सगळ्यांत परवडणाऱ्या. नैऋत्येला काओर्समध्ये किमान ७० टक्के माल्बेक, सोबत मर्लो किंवा ताना. मादिराँमध्ये ताना हेच मुख्य, आणि ते फ्रान्समधल्या सगळ्यांत तुरट द्राक्षांपैकी एक. या वाइनच्या वाटेला चरबीशिवाय जाऊ नका. तिकडे ही वाइन बदकाच्या चरबीत शिजवलेल्या बदकाबरोबर आणि कासुले, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांच्या, सॉसेज-बदक घातलेल्या भट्टीतल्या उसळीबरोबर पितात. तेलाचा तवंग असलेली डाळिंबी उसळ खाणाऱ्याला ती कल्पना लगेच येईल.

पायरी सहावी: घरी स्वतः मिसळून पाहा

वाचून जे समजत नाही ते इथे समजतं. एक बाटली नुसत्या मर्लोची, एक नुसत्या कॅबर्नेची आणा. त्या फ्रेंचच हव्यात असं नाही, नाशिकच्या चालतील. औषधाचं मोजमाप किंवा लहान मापाचा ग्लास घ्या. तीन ग्लास करा: पहिल्यात ४० मिलि मर्लो आणि १० कॅबर्ने, दुसऱ्यात २५-२५, तिसऱ्यात १० मर्लो आणि ४० कॅबर्ने. शेजारी दोन ग्लास बिनमिसळीचे. चाखताना थुंकायला वाडगं ठेवा, नाहीतर तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ काही सांगणार नाही. नुसत्या कॅबर्नेत घोटाच्या मधोमध एक पोकळी जाणवते. मर्लो ती कशी भरते ते पाहा. चौघांत बसून केलंत तर प्रत्येकाचा आवडता ग्लास वेगळा निघेल.

भारतात हा धागा आधीच आहे. बंगळुरूजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर यांच्या मळ्याने १९९० च्या दशकात बोर्डोच्या उजव्या काठावरचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचा सल्ला घेतला, आणि त्यांची ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने-शिराझची ब्लेंड नावाजली गेली. शिराझ म्हणजेच सिरा. ही जोडी आज बोर्डोच्या नियमांत बसत नाही, पण एकोणिसाव्या शतकात बोर्डोचे व्यापारी आपली वाइन भारदस्त करायला ऱ्होनमधल्या एर्मिताजची सिरा बिनदिक्कत घालत असत.

पायरी सातवी: ओतण्याआधी

रेड वाइन ‘रूम टेम्परेचरला’ प्यावी हा सल्ला फ्रान्समधल्या गार दगडी घरांचा आहे. पुण्यात मे महिन्यात खोली ३३-३४ अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोलच नाकात जातं. बोर्डो १६ ते १८ अंश, कोत द्यु ऱ्होन आणि लांगदॉक १४ ते १६. अशा उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये दीड-दोन तास ठेवली की पुरतं. जास्त गार झाली तर तुरटपणा टोचतो. ग्लास तळव्यांत धरून दोन मिनिटं थांबा.

तरुण डाव्या काठाची वाइन तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा. नुसतं बूच काढून ठेवण्याने काही होत नाही, बाटलीच्या गळ्यातून हवा किती जाणार? दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीला मात्र फार हवा देऊ नका. ती ओतायची ते तळाचा गाळ मागे राहावा म्हणून, हळूहळू.

पायरी आठवी: ताटाशी जोडी

तुरट वाइनला चरबी, प्रथिनं आणि मीठ द्या. या तिन्हींनी ती मऊ होते. मुरलेलं टणक चीज, जसं काँते किंवा ओसो-इराती, बोर्डोबरोबर छान जातं. ब्रीसारख्या मऊ चीजने मात्र तीच वाइन कडवट लागू लागते, आणि रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजला सोतेर्न ही गोड पांढरी वाइनच हवी. गोड पदार्थाबरोबर ड्राय रेड घेऊच नका, जिलबीनंतरच्या चहासारखी ती फिकी आणि आंबट होते. मासळीलाही जपून. वाइनमधलं लोह आणि माशातलं तेल भेटलं की तोंडात गंजाची चव उरते. बांगड्याबरोबर हे सगळ्यांत लवकर कळतं.

आपल्या स्वयंपाकात खरी अडचण तिखटाची. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलची धग जीभ एकाच वाटेने ओळखते, त्यामुळे एकमेकांना चढवतात, वर तुरटपणाही वाढतो. सुट्टीत घरी आले तेव्हा तांबड्या रश्श्याबरोबर सोबत आणलेली तरुण पोयाक उघडली होती. घरचे सगळे उत्सुकतेने बसले होते, आणि दोन घोटांत सगळ्यांनी पाण्याचे तांबे उचलले. दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली सुक्क्या मटणाबरोबर घेतली: कमी तिखट, भाजलेलं खोबरं, कांदा, तेल सुटलेलं. त्याबरोबर तीच वाइन सगळ्यांना आवडली. खोबऱ्यातली चरबी आणि भाजल्याचा करपट गोडवा ही बोर्डोला लागणारी गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे.

भरल्या वांग्यांत गूळ घालायचा नसेल तर शेंगदाणे-तिळाच्या मसाल्यामुळे उजव्या काठाची वाइन चालते. चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला सिरा जास्त असलेली लांगदॉक. थोडं तिखट असणारच असेल तर १३-साडेतेरा टक्क्यांची साधी कोत द्यु ऱ्होन, १४ अंशांवर गार करून. आमसूल, चिंच, टोमॅटोचं सार यांच्या वाटेला कॅबर्ने नेऊ नका. आंबटापुढे ती सपाट पडते. आणि पातळ भाजी, आमटी, भात असं रोजचं ताट असेल तर वाइन बाजूलाच राहू द्या. ते ताट तिच्याशिवाय पुरतं.

उरलेल्या बाटलीला बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. बोर्डो दोन-तीन दिवस टिकते, ग्रनाश हवेने लवकर थकते, ती दुसऱ्याच दिवशी संपवावी. संपत नसेल तर मटणाच्या रश्श्यात घाला. किंवा फ्रान्सच्या नैऋत्येकडची जुनी शेतकरी मंडळी करतात तसं करा: सूप खाऊन वाडग्याच्या तळाशी दोन चमचे गरम रस्सा उरला की त्यात ग्लासातली लाल वाइन ओततात, वाडगं ढवळतात, दोन्ही हातांत धरून तोंडाला लावतात. त्याला ते शाब्रो म्हणतात. माझ्या घरमालकीणबाईंचे वडील नव्वदीतही रोज रात्री तसंच करत, आणि वाडगं खाली ठेवताना मिशा पुसून आमच्याकडे पाहत असत.